चाहूल आधी कुणाला?

झोपेबाईंच्या सुलतानला डुक्कर दिसलं तेव्हा त्याच्या पट्ट्याची बॅटरी संपलेली होती. ही गोष्ट त्या चौकात कुणालाच ठाऊक नव्हती, बाईंनाही नाही. वर्षभर तो कुत्रा भुसावळच्या भर रस्त्यातून दोरीशिवाय चालत होता आणि लोक थांबून कौतुकानं बघत होते. त्या दिवशी तो डुकरामागं सरळ रस्त्यात धावला आणि रिक्षाच्या चाकाखाली त्याचा मागचा पाय मोडला.

पाय सांधला, प्लास्टर निघालं, तेव्हा बाई त्याला घेऊन वृंदा बऱ्हाटेकडे आल्या. मोकळं सोडलं तरी ऐकतील असे कुत्रे तयार करणं हा वृंदाचा धंदा. तापीच्या अंगाला, केळीच्या बागांना लागून तिचं तारेचं कुंपण घातलेलं मैदान होतं आणि त्याच्याच कडेला घर.

"वर्षभरात एकदा म्हणून चुकला नाही," झोपेबाई म्हणाल्या. त्यांचं स्टेशनजवळ औषधांचं दुकान होतं, त्यामुळे त्या काहीही सांगू लागल्या तरी गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावल्यासारखंच वाटायचं. "थांब म्हटलं की थांबायचा. आमचे हे सुद्धा माझं एवढं ऐकत नाहीत."

"थांब म्हणायच्या आधी मनगटाला टिचकी बसायची ना?"

"मग? त्यासाठीच तर घेतला पट्टा."

"म्हणजे तो तुमचं ऐकत नव्हता, ताई. तुम्ही त्याचं ऐकत होता."

बाईंना हे आवडलं नाही. पण सुलतान लंगडत होता आणि मैदानाच्या कुंपणापलीकडे डुकरांचा कळप चरत होता. त्या निघून गेल्या नाहीत.

त्या पट्ट्याचं नाव 'चाहूल'. त्यामागचं शास्त्र सांगायला सोपं आहे. कोणताही प्राणी एकदम धावत सुटत नाही. पाय उचलण्याआधी त्याच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, मानेचे आतले स्नायू आवळतात, मेंदूतून मानेवाटे हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूतल्या संदेशांची लय बिघडते. बाहेरून हे काही दिसत नाही. पट्ट्यातल्या पातळ चकत्या ते टिपतात. लाखो कुत्र्यांच्या नोंदींवरून शिकलेला गणक त्यावरून ताडतो की हा आता सुटणार, आणि मालकाच्या मनगटावरच्या पट्टीला कळवतो. साधारण दीड सेकंद आधी. इच्छा पिकली नसेल तोवर ती एका शब्दानं वळवता येते, म्हणून 'थांब' म्हणायला दीड सेकंद पुष्कळ झाले. ना शॉक, ना वेदना. प्राणिमित्रांनीही हरकत घेतली नाही. मग नियमच झाला, की चाहूल असलेला कुत्रा सार्वजनिक जागी मोकळा फिरू शकेल आणि नसलेल्याला परीक्षकासमोर खुली परीक्षा द्यावी लागेल. पट्टा विकत घेणं सोपं होतं. वृंदाकडची गिऱ्हाइकं निम्म्यावर आली.

तिचा राग मात्र तेवढ्यावरच नव्हता. ती झोपेबाईंना म्हणाली, "कुत्र्याला डुक्कर दिसलं पाहिजे. धावावंसं वाटलं पाहिजे. आणि त्याच वेळी त्याला तुमची आठवण होऊन त्यानं मागं वळून बघितलं पाहिजे. ते वळणं त्याचं स्वतःचं असतं. पट्ट्यानं वर्षभर ते त्याला करूच दिलं नाही. मोडलेला पाय बसला, पण जी गोष्ट कधी शिकलाच नाही, ती कुठून बसवणार?"

"मग आता?"

"पहिल्यापासून. लांब दोरी, आणि तोंड बंद. त्याला बोलावून कधी औषध पाजायचं नाही, बोलावून रागवायचं नाही, खेळ रंगात असताना घरी न्यायला म्हणून बोलवायचं नाही. जवळ येणं त्याला महाग पडलं की तो यायचं सोडेल. हुकूम कमी द्या. दिलात तर खरा करा. खोटं एकदाही बोलायचं नाही त्याच्याशी."

हे म्हणत असतानाच तिच्या उजव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, काहीतरी हलकं थरथरलं. वृंदाचा डावा हात तिकडे गेला. तिनं मान वळवली. घराच्या ओट्यावर तिचे वडील बसले होते. हातात पेपर होता, नजर पेपरात नव्हती.

"नाना," तिनं हाक मारली, "जरा या बघू. याची दोरी धरायला माणूस हवाय."

एकनाथ बऱ्हाटे उठले, चपला घातल्या आणि आले.

नाना रेल्वेत ड्रायव्हर होते. आधी मालगाडी, मग मेल-एक्स्प्रेस. नोकरीत असताना ड्यूटीच्या आगेमागे त्यांनी कधी थेंबाला हात लावला नाही. निवृत्तीनंतर संध्याकाळची सुरू झाली, आणि इंदूताई, म्हणजे वृंदाची आई, गेल्यावर सकाळचीही. गेल्या दिवाळीत ते रेल्वे यार्डाच्या कडेला बेशुद्ध सापडले. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी वृंदाला बाजूला घेऊन सांगितलं की यकृतानं या खेपेला सोसलं, पुढच्या खेपेला आमच्या हातात काही राहणार नाही.

जळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉ. सरोद्यांनी तेव्हा माणसांसाठीची चाहूल सुचवली. कानामागं चिकटवायची नखाएवढी चकती. कुत्र्याची ओढ सेकंदात उसळते, माणसाची तल्लफ हळूहळू चढते, त्यामुळे इथं इशारा चार-पाच मिनिटं आधी मिळतो. तो पालकाच्या मनगटावर यायचा. पालकानं काही न दाखवता लक्ष दुसरीकडे वळवायचं. "त्यांना यातलं सांगू नका," सरोदे म्हणाले होते. "कळलं तर ते दारूशी भांडायचं सोडून यंत्राशी भांडतील." चकती डॉक्टरांसाठी हृदयाची नोंद ठेवते, असं वृंदानं नानांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

मनगट थरथरलं की ती हाक मारायची. नाना, मोटर बंद करता का. नाना, चहा टाकलाय. नाना, हा दोर गुंतलाय बघा. नाना यायचे. दिवाळीपासून त्यांनी घोटभरही घेतली नव्हती. वृंदाला याचा अभिमान होता, आणि आपल्या धंद्यात आपण लोकांना नेमकं उलटं सांगतो हेही तिला कळत होतं. कुत्र्याचा जास्तीत जास्त पाय मोडतो, असं ती मनाला समजवायची. इथं बाप आहे.

सुलतानचं शिक्षण सुरू झालं. झोपेबाई दुपारी दुकान नवऱ्यावर टाकून यायच्या, सुलतानच्या लांब दोरीचं टोक नाना धरायचे आणि वृंदा मधोमध उभी राहून सूचना द्यायची. पहिले काही दिवस नुसतं चालणं. बाईंनी न बोलता दिशा बदलायची, कुत्र्यानं आपलं आपण लक्ष ठेवायचं. हातानं भरवणं. तो स्वतःहून जवळ आला की दोन शब्द कौतुकाचे. सुलतान शिकत होता, नानांपाशी लाडही करून घेत होता. पण डुकरं दिसली की घोटाळा व्हायचा. तो थांबायचा, बाईंकडे बघायचा, बघतच राहायचा, आणि मग अचानक धूम ठोकायचा. दोरीला झटका बसून नानांचा हात सोलपटायचा.

"वळून बघतोय तर खरा," वृंदा वैतागून म्हणाली. "मग जातो कशाला?"

त्या दिवशी झोपेबाई गेल्यावर नाना ओट्यावर बसून तळहाताला खोबरेल चोळत होते. म्हणाले, "तो बाईंकडं बघत नाही."

"मग कुणाकडं बघतो?"

"त्यांच्या मनगटाकडं. नीट बघ उद्या. पट्टी होती तेव्हा टिचकी बसली की बाईंचा हात मनगटावर जायचा, आणि मग 'थांब' यायचं. कुत्र्यानं तेवढं पाठ केलंय. हात मनगटावर गेला म्हणजे थांबायचं. आता पट्टी नाही, हात जात नाही. त्याला वाटतं, परवानगी आहे."

वृंदाला ते एकदम पटलं. तिनं आठवून बघितलं, तर सुलतानची नजर खरंच खाली, कमरेच्या उंचीवर असायची. तिच्या कामातली ही चूक होती आणि ती तिला दिसायला हवी होती. "नाना, हे कसं काय टिपलंत तुम्ही?"

नानांनी खोबरेलाची बाटली बंद केली. "मी पण तेच करतो म्हणून."

वृंदाचा डावा हात घड्याळाकडे गेला.

"घड्याळ तू आधी डाव्या हातात घालायचीस," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नोंद करावी तसं ते सांगत होते. "दिवाळीनंतर उजव्या हातात आलं. मग तुझा डावा हात तिकडं जायला लागला. आणि हात गेला की काही ना काही काम निघायचं. मोटर, दोर, चहा. एवढा चहा तर मी इंजिनात, फूटप्लेटवर पण प्यालो नाही कधी."

"कधीपासून माहीत आहे?"

"झाले बरेच दिवस. आधी मला प्यावंसं वाटायचं आणि मग तू हाक मारायचीस. आता तुझा हात मनगटाकडं गेला की मला कळतं, आता आपल्याला प्यावंसं वाटणार. आणि वाटतं पण. काहून वाटतं ते मला माहीत नाही. तुझ्या हाताकडं बघून वाटतं."

"डॉक्टर म्हणाले होते, सांगू नका म्हणून."

"डॉक्टर काय, म्हणणारच."

"आणि तुम्ही तरी बोललात का? सगळं समजून गुमान चहा पीत राहिलात."

"चहा चांगला करतेस." नाना थोडं हसले आणि पुन्हा गंभीर झाले. "एक गोष्ट मात्र सांगतो. दर वेळी ते दारूचं नव्हतं, वृंदा. पेपर घेऊन बसतो ना मी इथं, तेव्हा बऱ्याचदा तुझी आई असायची. ती गव्हाला ऊन देत बसायची तो कोपरा आहे तिथं. आता कुठं ती नीट आठवायला लागते, तिचा आवाज यायला लागतो, तेवढ्यात तू ओरडतेस, नाना, दोर गुंतलाय."

वृंदानं रडू आवरलं. रडली असती तर बोलणं तिथंच थांबलं असतं.

"मग काय करायला हवं होतं मी?" ती म्हणाली. "यार्डात पडला होतात, तिथून आणलं तुम्हाला मी. हॉस्पिटलातल्या त्या रात्री कुणी काढल्या? परत तसं होऊ द्यायचं का? तुमचा मान राखायचा म्हणून?"

"मानाचं नाही म्हणत मी. ऐकून घे बापा जरा." नानांनी ओट्याच्या कडेवर बोट ठेवलं, जणू तिथं खटके होते. "इंजिनात पण एक असलंच यंत्र असतं. ड्रायव्हरनं मिनिटभर कशालाच हात लावला नाही, तर त्याला वाटतं, हा झोपला का मेला? मग ते काय करतं? आधी समोर दिवा लावतं. ड्रायव्हरनं बटण दाबलं, विषय संपला. नाही दाबलं, तर भोंगा. तरी नाही दाबलं, तर मग गाडीला ब्रेक. दोन वेळा ड्रायव्हरला विचारतात, मग ब्रेक. आयुष्यभर मी ते बटण दाबलं, मला कधी अपमान वाटला नाही. कारण दिवा माझ्या पुढ्यात लागायचा. कंट्रोल ऑफिसात नाही. तू दिवा आपल्याकडं ठेवून घेतलास आणि मला सरळ ब्रेक लावतेस."

कुंपणापलीकडून केळीची पानं वाऱ्यानं फाटल्याचा आवाज येत होता. नाना उठून हात धुवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी तिनं सरोद्यांना फोन केला. यंत्राला तल्लफ आणि आठवण यांतला फरक कळतो का, एवढंच तिनं विचारलं. सरोदे प्रामाणिक माणूस होते. ते म्हणाले, "नाही कळत. यंत्र फक्त हवंसं वाटणं मोजतं. काय हवंसं वाटतंय ते त्याला दिसत नाही. गेलेल्या माणसाची ओढ आणि दारूची ओढ मेंदूत बरीचशी एकाच वाटेनं जातात. आम्हाला माहीत आहे हे. पण दहा खोट्या इशाऱ्यांत एक खरा असला तरी माणूस वाचतो."

"आणि मनगटावरची पट्टी मी त्यांच्याच हातात बांधली तर?"

"तसं अजून कुणी केलेलं नाही. केलंत तर तुम्हाला काही कळणार नाही. त्यांना कळेल आणि ते ठरवतील. ठरवलं पिण्याचं, तर मधे कुणी नसेल. वृंदाताई, हे कुत्रा मोकळा सोडण्याइतकं सोपं नाही."

"कुत्रा सोडणंही सोपं नसतं, डॉक्टर," ती म्हणाली.

तरीही तिला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मनगट थरथरलं की ती हात मांडीवर दाबून धरायची आणि नानांकडे बघायची. नाना कोपऱ्याकडे बघत असायचे, किंवा फाटकाकडे. कोणतं कशासाठी, ते तिला ओळखता येत नव्हतं. इतके महिने आपल्याला ते येतं असं तिनं धरलं होतं. पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं पट्टी काढली आणि नानांच्या ताटाशेजारी ठेवली.

नानांनी ती उचलून उलटसुलट बघितली. "मला नको असली तर?"

"तर टाकून द्या. चकती पण काढून टाका. मी काही म्हणणार नाही."

"म्हणशील."

"म्हणेन," वृंदा म्हणाली. "पण थांबवणार नाही."

नानांनी पट्टी डाव्या मनगटाला बांधली. मोठ्या हाताला ती तोकडी पडत होती, शेवटच्या भोकाशी कशीबशी बसली.

त्यानंतरचे दिवस वृंदाला फार जड गेले. नाना ओट्यावर बसलेले असताना मधेच मनगटाकडे बघायचे. कधी तसेच बसून राहायचे. कधी उठून मैदानाला एक फेरी मारायचे. एकदा फाटकापर्यंत गेले, कडीवर हात ठेवून उभे राहिले, आणि परत आले. वृंदाला ओठाशी आलेला हाकेचा शब्द परत आत न्यावा लागायचा. आपण कुत्र्यांच्या मालकांना जे शिकवतो ते किती कठीण असतं, हे तिला त्या आठवड्यांत पहिल्यांदा कळलं. शिकायचं असतं ते मालकानंच.

सुलतानसाठी उपाय साधा निघाला. झोपेबाईंनी मैदानात दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. "मुख्याध्यापिका झाल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. मनगटच दिसेना, तेव्हा सुलतान गोंधळला. कंबरेशी शोधलं, बाजूनं जाऊन बघितलं. शेवटी त्यानं मान वर केली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथून पुढं काम लागलं. एक दिवस वृंदानं दोरी सोडायला सांगितली. डुकरं आली. सुलतान निघाला, दहा-बारा पावलं गेला आणि थांबला. बाई काही बोलल्या नाहीत. तो डुकरांकडे बघत राहिला, मग मागं बघितलं, मग सावकाश, जरा नाखुशीनंच, परत आला.

"गेला तर होताच," झोपेबाई खट्टू होऊन म्हणाल्या.

"त्याला रागवू नका," नाना म्हणाले. "आला ते बघा."

पावसाळा सरता सरता नानांच्या जुन्या साथीदाराचा, फकिरा तडव्यांचा, निवृत्तीचा समारंभ ठरला. स्टेशनलगतच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये हारतुरे, भाषणं आणि भरीत-पुरी. त्यानंतर मागच्या खोलीत काय असतं, हे भुसावळात लहान पोराला सुद्धा माहीत. फकिरा नानांच्या हाताखाली असिस्टंट होता. न जाणं शक्य नव्हतं.

"मी सोडायला येऊ?" वृंदानं विचारलं.

"रिक्षा आहे," नाना म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पट्टीवरून बाही खाली ओढली आणि चारच्या सुमाराला निघाले. सातपर्यंत येतो म्हणाले.

सात वाजले. वृंदानं कुत्र्यांना खाऊ घातलं. साडेसात झाले. तिनं दोनदा फोन हातात घेतला. काय म्हणायचं तेही तयार होतं, डाळीला फोडणी द्यायची थांबलेय, किती वाजता याल. शब्द निरुपद्रवी होते. नानांना त्यांतलं सगळं ऐकू गेलं असतं. तिनं फोन पालथा ठेवला. गेल्या दिवाळीला यार्डातून फोन आला होता तोही याच सुमाराला. परत तसा आला तर सरोदे काय म्हणतील, लोक काय म्हणतील, आणि ती स्वतःला काय सांगेल, याचा तिनं विचार केला. ती डाळीपाशी बसून राहिली.

पावणेआठच्या पुढं फाटक वाजलं.

आई असताना नाना घरी आले की ती दारात जाऊन त्यांच्या हातातली पिशवी घ्यायची. पिशवी निमित्त असायची, श्वास कळायचा. आई गेल्यावर वृंदानंही तेच केलं होतं. आज ती उठली नाही. नानांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. उजेडात त्यांचे डोळे लाल दिसत होते. ते धुरानं असतील किंवा कशानंही.

"फुंकू?" ते म्हणाले.

गाडीवर चढण्याआधी ड्रायव्हरला दारू तपासायच्या यंत्रात फुंकून दाखवावं लागतं. नानांनी ते शेकडो वेळा केलं होतं. आता ते मुलीसमोर, छातीत हवा भरून, खरोखरीच फुंकायच्या तयारीत उभे होते. दोन पावलं पुढं आले असते तर सगळं कळलं असतं.

"नको," वृंदा म्हणाली. "बसा. कसा झाला समारंभ?"

नाना पाट ओढून बसले. फकिरा भाषणात रडला, साहेबांनी नाव चुकीचं घेतलं, भरीत तिखट होतं, असं सगळं सांगितलं. मग तिनं न विचारता म्हणाले, "दोनदा थरथरली ही पट्टी."

वृंदानं डाळीत पळी फिरवली.

"एकदा मागच्या खोलीत. फकिरानं ग्लास पुढ्यात ठेवला तेव्हा. मी म्हटलं, आलोच, आणि फलाटावर येऊन उभा राहिलो. परत गेलोच नाही आत. त्याला वाईट वाटलं असेल." त्यांनी मनगटावरची पट्टी थोडी सैल केली. खाली वळ उमटला होता. "दुसऱ्यांदा तिथंच, फलाटावर. नागपूरकडची पॅसेंजर लागली होती. लग्न झाल्यावर तुझ्या आईला घेऊन आलो तो त्याच गाडीनं, उलट्या बाजूनं. बाकावर बसलो आणि बघत राहिलो. गाडी सुटली, शेवटचा डबा गेला, दिवा दिसेनासा झाला, तोवर बसलो. त्यात उशीर झाला." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "कुणी चहाला हाक मारली नाही."

वृंदानं डाळीखालचा गॅस बंद केला. आई तेव्हा कोणत्या साडीत होती, खिडकीत बसली होती का, काय बोलली होती, हे तिला कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं ते विचारलं.